गाडी खाली, गाव वर

ओर्व्हिएतो लांबूनच दिसतं. रोमहून उत्तरेला निघालेला ए-वन महामार्ग तास-सव्वा तासात पालिया नदीच्या खोऱ्यात येतो आणि डाव्या हाताला एकदम एक तासलेला तपकिरी कडा उभा राहतो. कड्याच्या माथ्यावर घरं. कडा कुठे संपतो आणि घरांच्या भिंती कुठे सुरू होतात ते खालून सांगता येत नाही, कारण दोन्हींचा दगड एकच. जुलैचं ऊन काचेतून भाजून काढत होतं. मी फोटोसाठी मोबाइल काढला, तेवढ्यात पुढच्या सीटवरून दादा म्हणाला, “एवढ्या वर पाणी कसं चढवत असतील गं?”

दादा सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला अभियंता. तो देवळात गेला तरी कळसाआधी पन्हळी बघतो. गाडी चालवत होती त्याची मुलगी, म्हणजे माझी भाची. ती जर्मनीत नोकरी करते, लायसन्स तिकडचंच, त्यामुळे उजव्या बाजूने गाडी हाकण्याची तिला सवय. वहिनीने गुडघ्यांचं कारण सांगून पुण्यातूनच माघार घेतली होती. तिचा निर्णय किती शहाणपणाचा होता ते आम्हाला रोज संध्याकाळी पोटऱ्या चोळताना पटायचं.

बेत साधा होता. रोमला गाडी घ्यायची आणि उंब्रिया व तोस्काना या शेजारच्या प्रांतांतली डोंगरमाथ्यावरची गावं बघत फिरायचं. फ्लॉरेन्स, सिएना या खेपेला नाही. “रांगेत उभं राहायला तिकीट काढून इतक्या लांब कशाला यायचं?” हे दादाचं म्हणणं, आणि माझा त्याला विरोध नव्हता.

या गावांचा पहिला नियम म्हणजे गाडी खाली ठेवायची. वेशीवर पांढऱ्या पाटीत लाल वर्तुळ दिसलं की समजायचं, इथून पुढे ‘झोना त्राफिको लिमितातो’, फक्त रहिवाशांच्या गाड्या. पाटी ओलांडली तर कुणी हवालदार शिटी मारत नाही, कुणी थांबवत नाही; कॅमेरा नंबर टिपतो आणि काही महिन्यांनी, फोटोही विसरायला झालेले असताना, घरी दंडाचं पत्र येतं. तेव्हा तटाखालच्या वाहनतळावर जागा शोधायची. निळ्या रेघा पैशांच्या, पिवळ्या रहिवाशांच्या, पांढऱ्या फुकटच्या. पांढरी रेघ दिसली की आम्ही तिघंही एकदम ओरडायचो. मग पाण्याच्या बाटल्या घ्यायच्या, टोप्या घालायच्या आणि चढायला लागायचं. ‘रोड ट्रिप’ म्हणून निघालेल्या आमच्या सहलीत रस्ता फार तर अर्धा होता. उरलेला अर्धा पायऱ्यांचा.

ओर्व्हिएतोने मात्र चढणीची सोय केलेली आहे. खालच्या रेल्वे स्टेशनसमोरून दोरावर ओढली जाणारी फ्युनिक्युलर निघते. आता ती विजेवर चालते, पण १८८८ साली सुरू झाली तेव्हा ती पाण्यावर चालायची. वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरायचं, त्या वजनाने तो खाली घसरायचा आणि दोराच्या दुसऱ्या टोकाचा डबा माणसांसकट वर यायचा. खाली पोचला की टाकी रिकामी. हे कळल्यावर दादाची कळी खुलली. पण त्याच्या मूळ प्रश्नाचं उत्तर वरच्या थांब्यापासून दोन मिनिटांवर होतं.

१५२७ साली सम्राट पाचव्या चार्ल्सच्या सैन्याने रोम लुटलं. पोप सातवा क्लेमेंट आधी कास्तेल सान्तांजेलोच्या किल्ल्यात अडकून पडला आणि मग त्या वर्षाच्या अखेरीस वेषांतर करून ओर्व्हिएतोला पळून आला. कडा चहूबाजूंनी तुटलेला, गाव घ्यायचं म्हणजे शत्रूला घाम फुटणार. पण वेढा लांबला तर? माथ्यावर पाणी पुरणार नाही. पोपने आपला वास्तुकार धाकटा आन्तोनिओ दा सांगालो याला विहीर खणायला सांगितलं. त्याने जी खणली तिला आज ‘पोत्झो दी सान पात्रित्सिओ’ म्हणतात.

खोली सुमारे ५३ मीटर. मध्ये विहिरीचा पोकळ गाभा आणि त्याला वळसे घेत उतरणारे दोन जिने, एकात एक गुंफलेले पण कुठेही एकमेकांना न छेदणारे. दोन दारं, प्रत्येक बाजूला २४८ पायऱ्या. खेचर रिकाम्या पखाली घेऊन एका दारातून उतरायचं, तळाशी छोट्या पुलावरून पलीकडे जायचं आणि भरल्या पखाली घेऊन दुसऱ्या जिन्याने वर यायचं. उतरणाऱ्या आणि चढणाऱ्या जनावरांची गाठच पडायची नाही. पायऱ्या रुंद आणि बुटक्या, माणसाच्या पावलाला अवघडच. दीड पाऊल टाकावं लागतं. त्या जनावराच्या मापाच्या आहेत हे लक्षात आल्यावर मी कुरकुर बंद केली. गाभ्याच्या भिंतीत सत्तरेक खिडक्या आहेत. वरून येणारा उजेड त्या खिडक्यांतून जिन्यात झिरपतो, आणि जसजसं खाली जावं तसा तो हिरवट होत जातो. समोरच्या खिडकीत एक जपानी बाई दिसली. आम्ही दोघी एकमेकींना हात करत होतो आणि तरी ती चढत होती आणि मी उतरत होते. दादा मध्येच थांबून भिंतीवर तळवा ठेवत होता. वर टफ, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेचा मऊ खडक, सरळ कापून काढलेला. खाली विटांचं बांधकाम. “इथे खडक संपून चिकणमाती लागली असणार,” तो म्हणाला. “म्हणून विटा. आणि माती आहे म्हणूनच खाली पाणी आहे.”

गडावर आधी उदक पाहावं, मग गड बांधावा, असं रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात बजावलं आहे. सह्याद्रीतल्या गडांवर खडकात खोदलेली टाकी बघत वाढलेल्या माणसाला ओर्व्हिएतोची विहीर परकी वाटत नाही. फरक इतकाच की आपल्याकडची टाकी आभाळाच्या भरवशावर आहेत, आणि इथे आभाळावर विसंबायला नको म्हणून माणूस खडक भेदून तळापर्यंत गेला. गंमत म्हणजे ज्या वेढ्यासाठी हा सगळा खटाटोप, तो पडलाच नाही. क्लेमेंट रोमला परतला, १५३४ साली वारला आणि विहीर पुरी झाली १५३७ साली, पुढच्या पोपच्या कारकिर्दीत.

ओर्व्हिएतोचं कथीड्रल जगप्रसिद्ध आहे. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं, दर्शनी भागावर सोनेरी मोझेक असलेलं, आत लुका सिन्योरेल्लीने रंगवलेला कयामतीचा दिवस. ते आम्ही पाहिलं, मान दुखेपर्यंत पाहिलं, पण त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर चिवीता दी बान्योरेजो. ओर्व्हिएतोपासून हे वीसेक किलोमीटर, पण तिथे पोचल्यावर जे दिसतं त्याने ओर्व्हिएतोचं भविष्य बघितल्यासारखं होतं. तसाच टफचा कडा, तशीच खाली चिकणमाती, फक्त इथे मातीने जवळजवळ बाजी मारली आहे. दोन ओढे दोन बाजूंनी माती पोखरतात, माती सरकली की वरचा खडक आधाराविना राहतो आणि त्याचा एखादा तुकडा घरासकट दरीत जातो. १६९५ सालच्या भूकंपानंतर बहुतेक वस्ती शेजारच्या बान्योरेजोला हलली. सेंट बोनाव्हेंचर हा मध्ययुगातला मोठा धर्मपंडित इथला. त्याचं घर कधीच कोसळलं. याच परिसरातल्या बोनाव्हेंतुरा तेक्की या लेखकाने गावाला ‘मरणारं गाव’ म्हटलं आणि ते नाव असं चिकटलं की आता पाटीवरही तेच.

गावात जायला एकच वाट, १९६५ साली बांधलेला पायी चालण्याचा काँक्रीटचा पूल. शेवटच्या टप्प्यात तो असा चढतो की बोलणं आपोआप बंद पडतं. अलीकडच्या टोकाला पाच युरोचं तिकीट. गावात शिरायला तिकीट ही कल्पना मला आधी खटकली होती. कायमचे राहणारे जेमतेम दहा-बारा, आणि बघायला येणारे बसगाड्या भरभरून. पण दादाने पुलाच्या कठड्यावरून वाकून खालचे राखाडी ओघळ बघितले, उतारांवर ठिकठिकाणी केलेली बांधबंदिस्ती बघितली आणि म्हणाला, “पाच युरो स्वस्त आहेत. ही माती थोपवायची म्हणजे दर पावसाळ्याला पैसा ओतायचा.”

वर गेल्यावर एक चौक, एक चर्च, जिरेनियमच्या कुंड्या, मांजरं. एका घराची दर्शनी भिंत शाबूत आहे, दार आहे, खिडक्या आहेत, आणि खिडकीतून पलीकडे थेट आभाळ. मागचं घर दरीत गेलं, तोंड तेवढं राहिलं. पर्यटकांची तिथे फोटोसाठी झुंबड. साडेदहाच्या सुमारास पुलावरून पुढची लाट चढताना दिसली आणि आम्ही काढता पाय घेतला. खरं सांगायचं तर चिवीता मला आवडलं नाही. राहत्या घरांतून जाग नसेल तर कुंड्या कितीही सुंदर असोत, सगळं मांडून ठेवल्यासारखं वाटतं.

त्याउलट पेरुजा. मोठं, गजबजलेलं, विद्यार्थ्यांनी भरलेलं. तिथे खालच्या वाहनतळावरून सरकते जिने वर नेतात आणि मधल्या टप्प्यात अचानक जमिनीखालच्या एका मध्ययुगीन गल्लीत आणून सोडतात. डोक्यावर विटांच्या कमानी, दोन्ही बाजूंना घरांच्या दगडी भिंती, दारं, चौकाचे कोपरे. पोप तिसऱ्या पॉलने मिठावरचा कर वाढवला, पेरुजाने बंड केलं, आणि १५४० साली पोपच्या सैन्याने ते मोडून काढलं. बंडखोरांमागे उभ्या राहिलेल्या बाल्योनी घराण्याच्या वस्तीवर पोपने किल्ला बांधवला. घरं पाडली नुसती नाहीत, त्यांच्याच भिंतींवर किल्ल्याचं ओझं ठेवलं. वास्तुकार पुन्हा आपला तोच, धाकटा सांगालो! इटली एक झाल्यावर पेरुजावाल्यांनी वरचा किल्ला फोडून टाकला आणि गाडलेल्या गल्ल्यांतून १९८३ साली सरकते जिने काढले. इथला पाव अळणी असतो. लोक सांगतात की त्या मिठाच्या करापासून आम्ही पावात मीठ घालणं सोडलं. इतिहासकार या गोष्टीवर फारसा विश्वास ठेवत नाहीत, पण वेटरने ती इतक्या रंगात येऊन सांगितली की आम्ही माना डोलावल्या. पाव मात्र खरोखरच अळणी. भाचीने पर्समधून लोणच्याची पुडी काढली.

पेरुजाच्या उत्तरेला तिबेर नदीचं वरचं खोरं सुरू होतं. रोममधून वाहते तीच ही नदी, इथे अजून अंगाने किरकोळ. ई-४५ हा टोल नसलेला रस्ता तिच्या कडेकडेने जातो. त्यावरचे खड्डे आणि ठिगळं बघून दादाला घरच्यासारखं वाटायला लागलं. दुतर्फा सूर्यफुलांची शेतं, मध्ये मध्ये रुंद पानांची तंबाखू. पर्यटकांच्या बसगाड्या इकडे फारशा वळत नाहीत. आम्ही वळलो ते एका नावासाठी.

नाईक यशवंत घाडगे. गाव माणगावजवळचं पळसगाव, आजच्या रायगड जिल्ह्यातलं. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन. १९४४ च्या जुलैत दहावी भारतीय डिव्हिजन या खोऱ्यातून वर सरकत होती आणि जर्मन सैन्य एकेक डोंगरधार लढवत मागे हटत होतं. १० जुलैला घाडगेंच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. तुकडीतले सगळे पडले, मेले किंवा जखमी झाले. उभे राहिले एकटे घाडगे. ते सरळ गनवर धावून गेले. हातबॉम्ब टाकून गन आणि ती चालवणारा गारद केला, एकाला गोळी घातली, आणि मॅगझिन बदलायला सवड नव्हती म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने ठेचलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून ते तिथेच पडले. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांना ठाऊक असलेली कबर नाही. कासीनोच्या स्मारकावर नाव आहे.

माणगावात त्यांचा पुतळा आहे. दादाची नेमणूक काही काळ रायगड जिल्ह्यात होती, मुंबई-गोवा महामार्गाच्या कोंडीत माणगावला तो तासन् तास अडकलेला आहे, आणि पुतळा रोज बघूनही “इटलीत” म्हणजे नेमकं कुठे हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता, असं तो गाडीत म्हणाला.

मोन्तोने हे या खोऱ्यातलं टेकडीवरचं छोटंसं गाव. पंधराव्या शतकातला ब्राच्चो फोर्तेब्राच्चो हा नावाजलेला भाडोत्री सेनापती इथल्या घराण्यातला, त्यामुळे लढाया गावाला नव्या नाहीत. २०२३ च्या जुलैत इथे यशवंत घाडगेंच्या नावाने स्मारक उभं राहिलं, आणि ते सूर्यघड्याळ आहे. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो अशा अर्थाचं लॅटिन वचन त्यासाठी निवडलं आहे. दुपारचे बारा-साडेबारा. गल्ल्या ओस, झाडांवर सिकाडांची करवत अखंड चालू. त्या उन्हात दगडही भाजत होता. भाचीने फोनवरून आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग मोठ्याने वाचलं आणि मग मराठीत पुन्हा म्हटलं, “घाडगे”. इटालियन जिभेला हा ‘घ’ कसा जमत असेल, असं तिने विचारलं.

मला मात्र तटावरून खाली बघताना वेगळंच सुचत होतं. आतापर्यंत आम्ही हे डोंगर वरून बघत होतो, गावकऱ्यांच्या बाजूने. खालून चढून येणाऱ्याच्या बाजूने इथे पहिल्यांदा बघितलं. लपायला ऑलिव्हची विरळ झाडं, गव्हाचे कापून मोकळे झालेले पट्टे, आणि वर प्रत्येक धारेवर कुणीतरी बसलेला. ज्या कारणासाठी हजार वर्षांपूर्वी माणसं वर चढली, त्याच कारणासाठी १९४४ साली जर्मन वर बसले होते. तलवारीच्या जागी मशीनगन आली तरी डोंगराचं काम तेच राहिलं. आणि त्या उतारावर कोकणातला एक पोरगा, ज्याला त्या गावांची नावंही उच्चारता येत नसतील.

वीस-पंचवीस मैल पुढे सान्सेपोल्क्रो. हे डोंगरावर नाही, सपाटीवर आहे, तरी तिथे गेलो ते पिएरो देल्ला फ्रान्चेस्काचं ‘पुनरुत्थान’ बघायला. जुन्या नगरभवनाच्या भिंतीवरच ते रंगवलेलं आहे. ख्रिस्त एक पाय थडग्याच्या काठावर रोवून उभा, हातात झेंडा, नजर सरळ आपल्यावर. खाली चार पहारेकरी गाढ झोपलेले. डावीकडची झाडं निष्पर्ण, उजवीकडची पानांनी भरलेली. त्याच वर्षी, १९४४ साली, टोनी क्लार्क नावाच्या ब्रिटिश तोफखान्याच्या अधिकाऱ्याला या गावावर मारा करायचा हुकूम होता. तोफा सुरू झाल्यावर त्याला आठवलं की सान्सेपोल्क्रो हे नाव आपण आल्डस हक्स्लीच्या एका प्रवासलेखात वाचलंय, आणि हक्स्लीने इथल्या चित्राला जगातलं सर्वोत्तम चित्र म्हटलंय. चित्र त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्याने मारा थांबवला. जर्मन आधीच निघून गेले होते, चित्र वाचलं. गावात आज त्याच्या नावाचा रस्ता आहे. मी बराच वेळ त्या चार झोपलेल्या शिपायांकडे बघत बसले. प्रवासलेख लिहिण्याचा कुणाला काही उपयोग होतो का, या प्रश्नाला निदान एक ठोस उत्तर मिळालं, ही व्यावसायिक बाबही मनात आली.

अरेत्झोच्या युद्ध-दफनभूमीत भारतीय सैनिकांच्या कबरी आहेत आणि ज्यांचं दहन झालं त्यांचं वेगळं स्मारकही. गवत कातरलेलं, नावं स्वच्छ कोरलेली. आम्ही मराठा लाइट इन्फंट्रीची नावं वाचत हिंडलो.

अरेत्झोहून दक्षिणेला व्हाल दी क्याना ओलांडावी लागते. सपाट, हिरवी, मक्याची आणि गव्हाची जमीन, सरळ रेषेत गेलेले कालवे. ही सारी एके काळी दलदल होती, आणि दलदल म्हणजे हिवताप. लिओनार्दो दा व्हिंचीने १५०२ च्या सुमारास तिचा नकाशा काढला होता. पाणी नीट निघायला मात्र अठरावं-एकोणिसावं शतक उजाडलं. या पट्ट्यात आल्यावर डोंगरगावांचं दुसरं कारण समजतं. वर चढायचं ते शत्रूच्याच भीतीने नव्हे. खाली राहिलं तर डास मारणार. सौंदर्य हा या गावांचा हेतू कधीच नव्हता. वारा हवा होता, नजर लांब पोचायला हवी होती, आणि पीक येणारी सपाट जमीन घरांखाली घालवायची नव्हती. आपण ज्याला ‘व्ह्यू’ म्हणतो तो त्यांचा पहारा होता.

आणि मग व्हाल दोर्चा. कॅलेंडरवरचं तोस्काना म्हणतात ते हेच. गव्हाच्या कापणीनंतर सोनेरी पडलेल्या गोल टेकड्या, त्यांच्यावर नागमोडी जाणारी पांढऱ्या मातीची वाट, वाटेला सायप्रसची रांग, शेवटी एक दगडी घर. २००४ साली युनेस्कोने या अख्ख्या खोऱ्याला जागतिक वारसा ठरवलं. भाची दर वळणावर गाडी थांबवायची आणि दादा दर वळणावर म्हणायचा, “ही जमीन भिकार आहे.” तो खोटं बोलत नव्हता. इथली चिकणमाती उन्हाळ्यात फुटते, पावसात वाहते. ला फोचे इस्टेटीजवळची ती प्रसिद्ध सायप्रसची नागमोडी वाटसुद्धा निसर्गाची नाही. १९२० च्या दशकात ओरिगो दांपत्याने ही उजाड इस्टेट घेऊन जमीन दुरुस्त करायला सुरुवात केली, रस्ते काढले, झाडं लावली, त्यातली ती एक. आयरिस ओरिगोने युद्धकाळात तिथे ठेवलेली रोजनिशी पुढे पुस्तकरूपाने गाजली.

आम्ही उतरलो तेही असंच एक टेकडीवरचं दगडी घर, शेतघराचं झालेलं पाहुणघर. खाली गोठा होता तिथे आता जेवणाची खोली, वर कणगीच्या जागी आमच्या खाटा. मालकीणबाई साठीच्या, हात कोपरापर्यंत पिठाने माखलेले. त्या पिची लाटत होत्या. मैद्याच्या मळलेल्या गोळ्याची पट्टी कापायची आणि ओट्यावर दोन्ही तळव्यांखाली ती वळत वळत बाजूला खेचत न्यायची, की हातभर लांब, पेन्सिलीएवढी जाड शेवई तयार. मी एक करून बघितली. मध्येच जाड, मध्येच बारीक झाली. “ती तुझ्या ताटात येईल,” असं त्या भाचीमार्फत म्हणाल्या. वर टोमॅटो आणि भरपूर लसणाची चटणीसारखी आमटी. दादाने तीनदा घेतली.

जेवणानंतर बाई बोलायला बसल्या. हे घर त्यांच्या वाडवडिलांचं नाही. त्यांचे वडील साठच्या दशकात सार्दिनियाहून मेंढ्या घेऊन आले, कारण इथल्या जमिनी कवडीमोल झाल्या होत्या. शतकानुशतकं इथे शेती चालली ती अर्धेलीने. जमीन मालकाची, कष्ट कुळाचे, पीक निम्मं निम्मं. ‘मेत्झाद्रिया’ म्हणत तिला. दगडी घरात वीस-वीस माणसांचं खटलं, खाली बैल. युद्धानंतर कारखाने निघाले तशी कुळं एकेक करून शहराकडे गेली. १९६४ च्या कायद्याने नवे अर्धेलीचे करार बंद झाले, पण तोवर घरंच रिकामी पडत चालली होती. बाईंचे वडील आले तेव्हा या घराच्या चुलीत अंजीर उगवलं होतं म्हणे. सार्दिनियाच्या मेंढपाळांनी ओसाड रानांत मेंढ्या सोडल्या, आणि आज पिएन्झाचं म्हणून जे मेंढीच्या दुधाचं पेकोरीनो चीज जगभर विकलं जातं, त्यात त्यांचा मोठा वाटा. १९८५ साली शेतघरात पाहुणे ठेवायला कायद्याने रीतसर मुभा मिळाली, आणि पडकी घरं पुन्हा नांदती झाली. म्हणजे हा देखावा आम्हाला असा मिळाला कारण मधली वीस-पंचवीस वर्षं इथे काही बांधायला कुणाकडे पैसाच नव्हता आणि माणसंही नव्हती. ज्यांना ती शेती सोडून जावं लागलं त्यांना ही टेकडी कधी सुंदर वाटली असेल का, हे मी विचारणार होते. पण बाईंनी तेवढ्यात खोलीचं बिल आणलं.

पिएन्झा शेवटचं. मूळचं नाव कोर्सिन्यानो. १४०५ साली इथे जन्मलेला एनेआ सिल्व्हिओ पिकोलोमिनी पुढे दुसरा पायस नावाने पोप झाला. १४५९ साली गावावरून जाताना त्याला आपलं जन्मगाव अगदीच दीनवाणं वाटलं आणि त्याने बेर्नार्दो रोस्सेल्लिनो या वास्तुकाराला ते नव्याने बांधायला सांगितलं. तीन वर्षांत चौक, कथीड्रल, महाल, सगळं उभं. लहानसा चौक, पण असा नेमका मापलेला की त्यात उभं राहिल्यावर आपलीही पाठ ताठ होते.

कथीड्रलमध्ये पायसला उजेड हवा होता, भरपूर. म्हणून इमारत दक्षिणेकडे वळवली, उंच खिडक्या काढल्या आणि मागचा भाग टेकडीच्या कडेला उतारावर नेला. आत पडतो तो खरोखरच अजब उजेड. दगड दुधासारखा दिसतो. भिंतींना रंग लावायचा नाही, कसलाही बदल करायचा नाही, असं फर्मान पोपने काढून ठेवलं. फर्मान माणसांनी पाळलं, मातीने नाही. मागचा भाग पहिल्यापासून खचतो आहे. मधल्या वाटेने वेदीकडे चालत गेलं की उतरत असल्याचं पायांना स्पष्ट कळतं. दादा भिंतीतल्या एका तड्यापाशी गेला, चष्मा कपाळावर चढवला, तड्यावर बसवलेली मोजमापाची पट्टी बघितली आणि समाधानाने मान हलवली. “लक्ष ठेवून आहेत.”

बाहेर चौकातल्या विहिरीपाशी बसून भाचीने पायसच्या आठवणींतला किस्सा वाचून दाखवला. बांधकामाचा खर्च अंदाजपत्रकाच्या कितीतरी पट झाला. लोकांनी रोस्सेल्लिनोविरुद्ध कान भरले. पोपने त्याला बोलावून घेतलं. तो घाबरत घाबरत हजर झाला. आणि पोप म्हणाला की खर्चाबाबत तू आमच्याशी खोटं बोललास ते बरंच केलंस, खरा आकडा सांगितला असतास तर आम्ही हे कधी बांधलंच नसतं. मग त्याला शंभर दुकाते आणि लाल झगा बक्षीस दिला.

दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला. आयुष्यभर त्याने सुधारित अंदाजपत्रकांचे खुलासे लिहिलेले. “झगा?” तो म्हणाला. “आमच्याकडे खातेनिहाय चौकशी लागली असती.”

“पण बाबा, पाया चुकला तो चुकलाच ना?” भाचीने विचारलं.

“पाया चुकला नाही. जागा चुकली. जागा साहेबाने ठरवली.” असं म्हणून तो पुन्हा मागच्या उतारावर आधारभिंती बघायला गेला, आणि आम्ही दोघी वहिनीसाठी चीज घ्यायला समोरच्या दुकानात शिरलो.